सिनॉप्सिस

जाहिरात आली होती दोनच जागांची:
एकमेकांना जोडलेले सेन्सर, त्यांची माहिती,
आणि ती डोळ्यांवरच्या काचेत दिसेल अशी सोय.
पूर्णवेळ पीएचडी. शिष्यवृत्ती तीन वर्षं,
चौथं देवाच्या हवाली.
हे शेवटचं जाहिरातीत नव्हतं,
हिरेमठ सरांच्या केबिनबाहेर बाकावर
कधीपासून बसलेल्या सीनियरनं सांगितलं.

अर्जात एक चौकट होती: संशोधनातली दरी कुठे आहे?
मी लिहिलं, मच्छे आणि उद्यमबाग यांच्यामध्ये.
मग खोडलं.
पाच किलोमीटर असतील नसतील,
मध्ये पिरनवाडीचा नाका, वडापची रिक्षा,
दरी म्हणायला तेवढं पुरत नाही.

फाउंड्रीत सतरा सेन्सर लावले.
कॉइलच्या पाण्यावर, पंख्याच्या थरथरीवर,
भट्टीच्या पोटात एक, जो दर आठवड्याला मरतो.
पोरवालशेठ म्हणाले, लाव, पण माल थांबता कामा नये.

बसप्पा तळवारांनी चष्मा घातला टॉवेलवरूनच.
भट्टीवर हवेत आकडा तरंगताना बघून
हात पुढे केला, जसा आपण
कुणाच्या डोक्यावरचं माशी-चिलट हाकलतो.
मग चष्मा कपाळावर सरकवून
आपली जुनी निळी काच डोळ्यांपुढे धरली.
"काय बघालाय?" मी विचारलं.
"रस."
आणि क्षणभरानं, "झालं. वता."

माझ्या काचेत चौदाशे दहा होते.
चौदाशे वीस हवेत.
मी थांबा म्हणेपर्यंत भट्टी कलली,
लाडलमध्ये पांढरा उजेड उतरला,
आणि मग, सगळं ओतून झाल्यावर,
काचेत निवांत आले चौदाशे वीस.

अकरा सेकंद.
पत्र्याचं छप्पर, अर्धमेला राउटर, हैदराबादचा की कुठला सर्व्हर;
तिथं जाऊन परत यायला अकरा सेकंद.
म्हणजे मी बघत होते ते आत्ताचं लोखंड नव्हतंच.
बसप्पांना सांगितलं तर म्हणाले,
"साकु तंगी, आमचं घड्याळपण मागंच आहे,
शिफ्ट सुटायची काय राहतीय?"

अक्षरं कुठल्या भाषेत दाखवायची, हा प्रश्न वेगळाच.
इंग्रजी आपोआप येते. कन्नड नियमात आहे.
मराठीचं नाव काढलं की सर चहा मागवतात.
शेठ हसले. "दुकानाच्या पाटीला डांबर लागतं पोरी,
चष्म्याच्या आतल्या पाटीला कोण फासणार?"
खरंच होतं. एकाच भट्टीवर
बसप्पांना ಕಬ್ಬಿಣ दिसेल, बिर्जेकाकांना लोखंड,
शेजारी शेजारी उभे राहून,
आणि दोघांनाही दुसऱ्याची पाटी दिसणार नाही.
हे चांगलं की वाईट,
मला तेव्हाही ठरवता आलं नाही.
सर म्हणाले, 'वापरकर्त्याची पसंती' असं लिही, एका ओळीत.

मुलाखतीत विचारलं, हा उशीर तू घालवशील?
म्हणाले, दोन सेकंदांवर आणीन.
आणि उरलेले दोन?
माझ्याकडे उत्तर होतं, निळ्या काचेचं,
पण पॅनेलवरच्या कुणाच्या बुटावर
कधी वाळू चिकटलेली दिसली नाही.
म्हणाले, भविष्यातील कामात नमूद करीन.

निकाल लागला तेव्हा बसप्पा साचे झटकत होते.
"पगार मिळतो काय गं याला?"
मी आकडा सांगितला, थोडा कमी करून.
"बरं झालं," म्हणाले. आपला सांगितला नाही.
सांगायची गरजही नव्हती.
शेठनी सगळी माहिती एकाच फोल्डरमध्ये दिली होती,
तापमान, कंपनं, वीजबिल, हजेरी,
आणि हजेरीच्या शेजारी एक रकाना.

सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलंय
की अभ्यासाशी संबंध नसलेली माहिती वगळली आहे.
वगळली आहेच.
उघडून बघून मग.