डावा गुडघा, उजवीकडे

पडूका, केंटकी. फेब्रुवारीतलं गॅरेज.
जुन्या गोधडीवर गिटार उताणी पडलीय,
चारी पाय काढलेले,
आणि मी चष्मा कपाळावर सारून तिच्या पोटात बघतेय:
सळ्या, क्रँक, स्प्रिंगा,
कुणाच्या तरी घरातली वीस वर्षांची धूळ.

दिवसभर मी गुडघेच बघते.
वाकवा. ताणा. अजून पाच अंश. शाबास.
वेंडेल टॅकेटचा डावा गुडघा माझ्याकडे बारा आठवडे होता,
नवा, धातूचा,
ब्याण्णव अंशांपाशी हटून बसलेला.
पुढं वाकेल, पण बाजूला रेटायचं म्हणून कुरकुरायचा.
"बाजूला कशाला रेटायचंय?" मी विचारलं.
तो हसला फक्त.
शेवटच्या खेपेला ट्रकमधून ही घेऊन आला.
शिकाऊ गिटार, म्हणाला, तीन पेडलं, चार लिव्हर,
मुलीसाठी आणली होती, ती दोन महिन्यांत कंटाळली, मग मीच.
साठ डॉलर मात्र मोजून घेतले.
फुकट दिलेली वस्तू कोपऱ्यात मरते, म्हणाला.

आई म्हणायची, हिची अक्कल गुडघ्यात.
इथं तीच लागते, आई.
डावा गुडघा उजवीकडे ढकलला की
चौथी आणि आठवी तार अर्धा स्वर खाली उतरतात.
आपण कोमल म्हणू. वेंडेल म्हणतो, फ्लॅट.
मला फ्लॅट म्हटलं की
तिसरा मजला आणि थकलेला मेन्टेनन्स आठवतो.

पण लिव्हर माझ्या गुडघ्यापासून चार बोटं लांब.
तीन आठवडे मी स्वतःलाच बोल लावला,
नाचता येईना वगैरे.
मग टेप लावून मोजलं तर
अंगण खरंच वाकडं निघालं,
सहा फूट दोन इंची माणसाच्या मांड्यांना बेतलेलं,
आणि मी पाच फूट एक.
जिथं त्याचा गुडघा टेकायचा तिथला रंग उडालाय,
जीन्सनं घासून घासून.

षटकोनी पाना. स्क्रू आधी अडून बसला,
मग एकदम सैल.
लिव्हर सरकली आणि दांडीवर मागं
एक चकचकीत पट्टा उरला,
घड्याळ काढल्यावर मनगटावर उरतो तसा.
माझा हात थोडा वेळ तिथंच थांबला.
एका माणसाची बसायची रीत मी मोडत होते.

फोन स्पीकरवर, रंगाच्या डब्याला टेकवलेला.
"किती सरकवलीस, मँडी?"
मंदाकिनी त्याच्या तोंडात मावत नाही.
"दोन सूत."
मग सूत काय ते सांगावं लागलं:
इंचाचे आठ भाग; वडील लेथवर असायचे, सांगलीला,
नुसत्या डोळ्यांनी मोजायचे.
"अजून एक सूट," तो म्हणाला,
जसं काही जन्मभर सुतातच मोजत आला.

गिटार उलटी केली, पाय लावले.
आता टोकाचा पांढरा नायलॉनचा नट.
पाव फेरा. ट्यूनरची सुई
डावीकडे, डावीकडे, आणि टुणकन पलीकडे.
उलटा पाव फेरा. त्यातला अर्धा.
बार आठव्या फ्रेटवर ठेवला, तार छेडली,
गुडघा ढकलला,
आणि स्वर खाली बसला.
नीट नाही. चार सेंट कमीच.
बाहेर ओहायोवर एका बार्जनं भोंगा दिला,
तो कुठल्याच सुरात नव्हता.

फोनवर सामसूम.
मग, "परत."
परत ढकलला.
तिकडे खुर्ची करकरली, अगदी हळू,
आणि त्यामागं दाबलेला श्वास.
बारा आठवडे मी तो श्वास ऐकलाय.
टेबलाखाली त्याचा गुडघा बाजूला रेटला जात होता.

"वेंडेल, सर्जननं नको म्हटलंय."
"काय नको?" तो म्हणाला.
"आठवी तार बघ. ती अजून खोटं बोलतेय."