वेगळी चूल

आमच्यात घर धाकटीचं.
भिंती, बाग, मेईचं म्हातारपण
आणि चुलीवर धुरात टांगलेली मासळी,
सगळं बालारिशाचं.
मी थोरली. माझ्याकडे आलं एक ॲल्युमिनियमचं पातेलं,
तेही मीच उचललं, कुणाचं लक्ष नसताना.

मावप्रेमला खोली घेतली, दहा बाय नऊ.
ओटा एवढाच की
एकतर तांदूळ धुवा, नाहीतर मिरची चिरा.
घरमालकीण काँग थ्रिना म्हणाली,
कोळसा नको, छत काळं होतं.
गॅस नको, मला झोप लागत नाही.
मग राहिली ती वीज.

पगारातून बाजूला काढलेले अठराशे.
शाळेच्या प्रयोगशाळेतून एक लोहचुंबक आणला,
नालासारखा, लाल रंग उडालेला
(सोमवारी परत ठेवायचा होता, ठेवला).

दुकानात बाह वेलकमनं तीन खोकी उघडली.
पहिलं दोन हजार वॅटचं, काळं, चकचकीत,
बोट लावलं की उजळणारं.
ओल्या बोटाला ते जुमानेना.
स्वयंपाकात बोटं कोरडी कधी असतात, मी विचारलं.
तो हसला. त्याचा स्वयंपाक बायको करते.
शिवाय माझ्या खोलीतलं सॉकेट लहान, सहा अँपिअरचं;
दोन हजाराला ते पुरणार नाही,
आणि जळलंच, तर काँग थ्रिनाला आयतंच निमित्त.

दुसऱ्याची वायर तोकडी.
तिसरं बाराशे वॅटचं, दाबायची बटणं,
बटणांवर भात, दूध, तळण यांची चित्रं,
एका चित्रात तर चक्क पोळी.
आमच्या जादोहचं चित्र कुठंय?
बाह वेलकम म्हणाला, भाताचंच दाब, त्याला काय कळतंय.
वॉरंटी एक वर्ष. दुरुस्ती गुवाहाटीला.
म्हणजे बिघडलं तर डोंगर उतरून न्यायचं,
तापात फणफणलेल्या पोरासारखं, मांडीवर धरून.
सतराशे चाळीस. घेतलं.

पातेल्याला चुंबक लावून बघायचं धाडस
दुकानात झालं नव्हतं.
रात्री लावला. घसरला.
पुन्हा लावला, बुडाशी, काठाशी, कानाशी.
हे म्हणजे सख्ख्या माणसाला
ओळख विचारत बसण्यासारखं.
तरी पाणी घालून ठेवलं, बटण दाबलं.
शेगडी टीं टीं करत राहिली,
भांडं ठेवा, भांडं ठेवा,
आणि भांडं तर समोर बसलेलं,
चाळीस वर्षांचे पोचे अंगावर घेऊन.

दुसऱ्या दिवशी ईउदुहच्या गल्लीत
भांड्यांच्या ढिगात चुंबक फिरवत हिंडले.
विक्रेत्या बायका क्वाय चघळत बघत होत्या.
एकीनं विचारलं, काय शोधतेस गं?
म्हटलं, चिकटेल असं काही.
तिनं कोपऱ्यातलं एक जाड बुडाचं पुढे सरकवलं.
टक्. साडेतीनशे.
अठराशेचं गणित तिथंच कोलमडलं.

जानेवारीत मेई आली.
बूट काढले, मोडा ओढला,
आणि सवयीनं दोन्ही तळवे पुढं केले.
भात रटरटत होता, पंखा घोंघावत होता,
काचेवर लाल आकडा.
हिची आग कुठंय? तिनं विचारलं.
मी म्हटलं, आग नाही गं, भांडंच तापतं.
मग माणसांनी कुठं शेकायचं?
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मासळी कुठं टांगतेस, हेही तिनं विचारलं.
मी खिडकीच्या खिळ्याकडे बोट दाखवलं;
ती बराच वेळ त्या खिळ्याकडे पाहत राहिली.

जेवल्यावर मी भांडं उतरवलं.
काच अजून गरम होती, भांड्याकडून उसनी घेतलेली ऊब.
मेईनं तळहात त्यावर टेकवले, हळूच, आधी बोटं.
पंखा बंद पडेपर्यंत ती तशीच बसली.
मग म्हणाली,
ते जुनं पातेलं दे परत,
बालारिशा दोन महिने शोधतेय.

मी दिलं.
त्यात तिनं वाटेसाठी राहिलेला भात भरून घेतला.