रकाना अकरा

हेलेनात डिसेंबरचा दिवस साडेचारलाच मिटतो.
तिसऱ्या मजल्यावर, माझ्या टेबलावर,
अख्ख्या राज्याची फुटलेली घरं येतात
तिमाहीतून एकदा,
पीडीएफ होऊन. माइल्स सिटीची नेहमी उशिरा.

काम सांगायला सोपं आहे.
वॉशिंग्टनहून आलेला पैसा
कौटुंबिक न्यायालयांच्या नऊ केंद्रांत वाटायचा
आणि तो गेला कुठं, ते दाखवायचं.
मध्यस्थीचे तास. समुपदेशनाचे तास.
आणि रकाना अकरा:
देखरेखीखाली झालेल्या भेटी.

कागदी घोडे नाचवते म्हणा हवं तर.
माझ्याकडे एक लाकडीही आहे:
हॅवरच्या केंद्रानं जुन्या बाजारातून आणलेला,
एक कान नसलेला, बावीस डॉलर,
पावती पेन्सिलीनं लिहिलेली.
लेखापरीक्षक दोनदा विचारून गेले.
तो मी 'साहित्य' खाली बसवला.
वाढदिवसाचा केक नाही बसला,
खाद्यपदार्थ चालत नाहीत.
मेणबत्त्या बसल्या.

माझ्या वेळी अशी खोली नव्हती.
पेट्रोल पंपामागे दोन गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या राहायच्या,
आणि मधल्या वीस पावलांत
माझा मुलगा दप्तर घेऊन चालायचा,
कुणाकडेच न बघता.
ती वीस पावलं कुठल्या अहवालात आहेत
मला माहीत नाही.

काल हॅवरहून डेल्फीन अझ्यूरचा फोन आला.
तिचा आवाज नेहमी सर्दी झाल्यासारखा.
म्हणाली, शनिवारी स्वेनगार्ड आला होता,
वुल्फ पॉइंटहून, दोनशे मैल,
रस्ताभर बर्फ, एक हेडलाइट बंद.
दहाची भेट. पावणेदहाला दारात.
आणि आईची गाडी उणे तीसात सुरूच झाली नाही.
मुलगी आली नाही.

मग?

मग काही नाही. तास त्याचा होता, तो बसला.
त्या बुटक्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला.
खिशातून नाणं काढून
घोड्याचा सैल स्क्रू आवळला.
अकराला वहीत सही केली,
आल्याची आणि गेल्याची.
हे मी कुठं लिहू, लिनेआ?

मला नियम पाठ आहे. बोटांनाच पाठ आहे.
मूल हजर नसेल तर भेट नाही.
भेट नाही तर तास नाही.
मी म्हणाले, शून्य.

ती भांडली असती तर बरं झालं असतं.
फोनवर नुसता त्यांच्या हीटरचा घरघराट,
मग पेन घासल्याचा आवाज.
"शून्य. लिहिलं."

आज सगळे गेल्यावर अहवाल उघडला.
शेवटच्या पानावर एक चौकट आहे:
'अंमलबजावणीतील अडचणी',
अक्षरं अडीचशे, मोकळ्या जागा धरून.
दोनशे मैल लिहिले. हेडलाइट लिहिला.
घोड्यापर्यंत येता येता चौकट लाल झाली.
हेडलाइट खोडला.
'बाप' खोडून 'पालक (मुक्काम नसलेला)' केलं,
त्यानं जागा आणखीच खाल्ली.
परत 'बाप' केलं.
मग वाटलं, वाचणार कोण आहे,
आणि कुणी वाचलंच, तर पुढल्या वर्षी
हॅवरची टक्केवारी बघून हात आखडता घेतील.
शून्यं मोजायला त्यांना चांगलं जमतं.

सगळं पुसलं.
खिडकीत माझाच चेहरा, खाली नांगर लावलेला ट्रक
बर्फ बाजूला सारत चाललेला,
मागून पुन्हा तितकाच पडत होता.

शेवटी एकच वाक्य ठेवलं:
'शनिवारी, दहा ते अकरा,
हॅवर येथील खोली गरम ठेवण्यात आली.'

हीटिंगचा खर्च
नियमात बसतो.