दहा गुंठे

वाघोटणच्या खाडीकाठी बाबा होडी बांधतात.
ऐनाचे वाक, फणसाच्या फळ्या,
आणि दिवसभर पायाशी साचत जाणारा भुसा.
तो कुणालाच नको असतो.
कोंबड्या उकरतात, वारा नेतो,
उरलेला आई चुलीत सारते आणि खोकते.

मी चार पोती मागितली
तेव्हा बाबा हसले नाहीत,
फक्त रंधा उलटा ठेवला.

पलीकडे परुळेकरांची सूत रंगवायची शेड.
सोमवारी निळं, गुरुवारी गुलाबी.
पाइपातून सुटलेलं ओहोटीबरोबर खाली येतं.
हलीमाबी गुडघाभर चिखलात मुळे काढते.
तिची नखं पाहून वार सांगता येतो.

भुसा आम्लात भिजवला, रात्रभर.
तेलाच्या डब्यात कोंडला, झाकण मातीने लिंपलं.
हवा शिरली की राख, हवा अडली की कोळसा.
दोन वेळा राखच झाली.
तिसऱ्यांदा झाकण उघडलं तर आत काळं, हलकं,
चिमटीत धरलं तर किरकिरणारं.
मग धुणं. सात पाणी, नऊ पाणी,
लिटमसचा कागद लाजायचा थांबेपर्यंत.

पुस्तकात आहे :
याच्या एका ग्रॅमात इतकी भोकं, इतक्या भिंती
की उलगडून अंथरल्या तर दहा गुंठे भरतील.
दहा गुंठ्यांवरून माझे दोन काका
चौदा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत.
आणि इथे चिमूटभर जमीन,
सातबाऱ्यावर कुणाचंच नाव नाही,
कुठल्याही रंगाने यावं, राहावं.

नळी उभी केली. वरून निळं ओतलं.
खाली आलं ते पेजेवरच्या निवळीसारखं.
हलीमाबीने ओंजळीत घेतलं, नाकाशी नेलं,
काही न बोलता खाडीत सोडून दिलं.

बाबा मात्र नळीशी उकिडवे बसले.
"मगे निळो गेलो खंय?"
आत, मी म्हटलं.
लाकडातली गाठ शोधावी तसं
त्यांनी त्या काळ्याकडे पाहिलं.
मग सांगू लागले, त्यांच्या लहानपणी
ऐनाच्या सालीचा काढा उकळत,
त्यात जाळी बुडवत, तांबडी होईस्तोवर.
रंग देणारं झाड ते.

एकोणिसाव्या दिवशी थेंब आभाळी उतरला.
दुसऱ्या दिवशी निळा.
दहा गुंठे भरले होते, उंबऱ्यापर्यंत.

भट्टीत पुन्हा तापवलं तर थोडं रिकामं होतं म्हणतात.
थोडंच. आणि धूर कुठल्या रंगाचा येईल,
ते पुस्तकात नाही.
पावसात ठेवता येत नाही, खाडीत टाकता येत नाही.

बाबांनी नव्या फळीवर निळीचा दोरा ताणला, सोडला.
सरळ रेघ उमटली.
पोतं पडवीत आहे, तोंड बांधलेलं.
कोंबड्या त्याच्या बाजूला फिरकत नाहीत.