कोटाचं भाट

नकाशावर तो सर्व्हे नंबर एकशे अकरा, पोटहिस्सा तीन.
गावात कोटाचं भाट.
कोट कुणी पाहिलेला नाही. माडांच्या चार रांगा आहेत
आणि त्यांच्या भोवती शेताची एक पट्टी,
बाकीच्या शेतांहून हातभर खोल,
जिथं कुळीद पेरला की पिवळा पडतो
आणि भात मात्र न मागता येतं.

एस्मेराल्दा कुलासो म्हणाली, खणा,
पण माझा बांध मोडायचा नाही.
आम्ही तिच्या बांधावर चुन्याची खूण केली
आणि सुतळी ताणली.

घर लवकर संपलं.
चार बोटं माती, मग जांभ्याचा भुगा,
खांबांचे सतरा खळगे, एक झिजका उंबरा.
चिरे नव्हते.
चिरे इथून केव्हाच चालत गेले होते:
काही कपेलाच्या पायरीत, काही विहिरीच्या काठात,
दोन कुष्टाच्या गोठ्यात;
त्यातल्या एकावर कमळाची अर्धी पाकळी अजून आहे
आणि म्हैस नेमकी तिथंच मान घासते.

घर असं वाटून घेता येतं.
खड्डा कुणाला नेता येत नाही.

म्हणून खंदकात उतरलो.
छातीएवढा काळा गाळ, कुजक्या सोडणांचा वास,
आणि त्या वासात, कुणालाही नको झालेलं सगळं
नीट ठेवलेलं:
तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे थर, विसवणाचे मणके,
चिनी वाडग्याची हिरवी कड,
अर्धं वल्हं,
तीन पायांचा लाकडी घोडा.
मालकाचं नाव कुठंच नाही.
ताम्रपट निघेल म्हणून आलेले साहेब
दोन दिवस माडाखाली खुर्ची टाकून बसले
आणि शहाळी पिऊन पणजीला परतले.

मी रेखाटनं करते.
खंदकाची रुंदी सहा मीटर चाळीस, खोली दोन दहा.
आतली बाजू चिऱ्यात बांधलेली, उभी. बाहेरची उतरती.
कुशावतीकडच्या कोपऱ्यात मानशीचा दगड,
फळी सरकवायची खाच अजून धारदार.
शत्रूसाठी एवढं पाणी आणलं होतं.
एकाही शत्रूचं हाड सापडलं नाही.

शेवटच्या आठवड्यात, मागच्या अंगाला,
चुलीच्या राखेसमोर
थापीला टणक लागलं.
एक चिरा. मग दुसरा, जरा डावीकडे सरकून.
नऊ निघाले, वाकड्या ओळीत,
तळापासून एकावर एक रचत आणलेले,
आणि माथे पाण्याच्या जुन्या रेघेखाली वीतभर.
काठावरून कुणाला दिसले नसते.
भिंतीत एक खोबण, पाऊल मावेल एवढी.

कुष्टा चढला, तिसऱ्यावर घसरला,
म्हणाला, हे काही माणसाच्या चालीचे नव्हेत.
मी टेप लावला: अठ्ठेचाळीस, पन्नास, सत्तेचाळीस.
पहारेकऱ्याची ढांग नाही. मुलाची उडी नाही.
वहीत लिहिलं: प्रयोजन अनिश्चित.

तेवढ्यात दुर्पता वेळीप आली,
डोक्यावर ओल्या मातीची पाटी.
वळसा घालायचा तिला कंटाळा.
तिनं खाली पाहिलं नाही
(पाटी असली की पाहता येत नाही),
नुसतं तळव्यानं चाचपत
डावा, उजवा, जरा वळून पुन्हा डावा,
नऊच्या नऊ,
आणि पाटीच्या काठावर साचलेलं पाणी
सांडलं नाही.

मी वहीतला शब्द खोडला.
दुसरा सुचेना.

पलीकडच्या काठावर ती उभी, मान ताठ,
एक हात पाटीला.
म्हणाली, बघत काय बसलीस बाय?
ही माती खंय घालूं?