समासातली नोंद

कैरवानात, मोठ्या मशिदीमागच्या गल्लीत,
माझं काम म्हणजे वाट बघणं.
मेंढीच्या कातड्याचं पान, अकरा शतकांनी आखडलेलं,
ओलसर कापडाखाली ठेवायचं
आणि ते आपणहून सैल होईस्तोवर
हात मांडीवर.
घाई केली की अक्षराचा टवका उडतो.

त्या दिवशी समास उलगडला.
शाई तपकिरी, ओळ मुंग्यांच्या रांगेसारखी:
"हे सगळं लुबाना बिन्त मुतर्रिफ यांच्यापुढे
वाचून दाखवलं, त्यांच्याच अंगणात.
वाचणारा त्यांचा भाचा.
ऐकणारे: एक धान्याचा व्यापारी,
दोघे विद्यार्थी, गावाबाहेरचे,
जुहैना, कडेवर लेक घेऊन. लेक तीन वर्षांची,
पहिल्या पाठानंतर झोपली.
आणि मैमूना, दळणारी.
मैमूना मधल्या दोन पानांना नव्हती,
पाणी आणायला गेली होती."

मी मुंजियाला हाक मारली, दोघी हसलो.
मग हसू थांबलं.
पाण्याला गेलेल्या बाईची गैरहजेरीसुद्धा
कुणी खोटी लिहिली नव्हती.

खाली, दुसऱ्या हातात:
"सातव्या पानावर बाईंनी थांबवलं.
म्हणाल्या, हा नुक्ता मी ऐकलेला नाही. खोड.
भाचा म्हणाला, काझीसाहेबांच्या प्रतीत आहे.
म्हणाल्या, मग काझीसाहेबांनी ऐकला असेल.
मी नाही.
पुढे कुणी काही विचारलं.
म्हणाल्या, ठाऊक नाही. तेही लिहा."

बस. एवढंच.
त्या कशा दिसायच्या, आवाज कसा होता,
मोठमोठ्यांना त्यांची भीती वाटायची का?
लिहायला मला फार आवडलं असतं.
पण मी ते ऐकलेलं नाही.

गुरुवारी हशमी आला,
खजुराच्या मकरूदचा डबा,
लेक बोटाला, आणि मागे म्हातारे अदूल, कागद घेऊन.
"एक सही, दलेंदा. बाबांची एकवीस जैतुनं.
तुझ्या वाट्याला सात.
सात झाडं तू कुठे राखत बसणार?
आपल्यात बहिणी सोडूनच देतात."

आईनं सोडली होती. आत्यानं सोडली होती.
सोडताना दोघींनी चहा केला होता.
मीही किटली ठेवायला उठले,
आणि परत बसले.

"वाचून दाखव."
"सगळं?"
"पहिल्या ओळीपासून. मी ऐकतेय."

हशमी वाचू लागला, आधी भराभर,
मग जरा अडखळत.
तिसऱ्या ओळीत आलं: स्वखुशीने.
"थांब. हा शब्द मी बोललेले नाही. खोड."
"असंच लिहितात गं सगळ्यांचं."
"मग सगळ्या बोलल्या असतील.
मी नाही."

तो चिडला, धर्माचं काही म्हणाला.
मी म्हटलं, वाटा अल्लाहनं ठरवला, तो किताबात आहे.
सोडून द्यायची रीत कुणी ठरवली?
कुणी कुणाकडून ऐकली?
तिची सनद दाखव.

अदूलनी चष्मा काढला, पुसला,
परत घातला नाही.
पेनाचं टोपण लागल्याचा आवाज
एवढा मोठा असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

हशमी आता बोलत नाही माझ्याशी.
ते दुखतं. तेही लिहिते.

त्या रात्री वहीच्या कडेला मी नोंद केली:
कागद पहिल्या ओळीपासून वाचला गेला,
तिसरीत थांबवला.
ऐकणारे: हशमी, माझा भाऊ.
अदूल, वय झालेले.
मुंजिया, दारात उभी, निम्म्यापासून.
आणि बय्या, हशमीची लेक, नऊ वर्षांची.
बोटांवरचा पाक चाटत होती,
पण जागी होती.