दगडफुलाची वही

पुंता आरेनासला वारा असा सुटतो
की नगरपालिका रस्त्याकडेला दोर बांधते,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
नेवेंकाबाई दोर धरत नसत.
कोट पोटाशी आवळून, मान खाली,
वाऱ्यात खांदा घालून सरळ प्रयोगशाळेत.

मी रेमिहिओ चिगुआय. तेव्हा विभागात टंकलेखक.
बाईंचा विषय दगडफूल.
जुन्या धक्क्याच्या पलीकडे, सामुद्रधुनीच्या काठी
काळ्या दगडावर पोपटी रंगाचा एक डाग.
दर मार्चमध्ये तो मोजायच्या.
वर्षाला अर्धा मिलिमीटर. कधी तेवढाही नाही.
"ज्याला घाई नाही असं काहीतरी ओळखीचं असावं," म्हणायच्या,
आणि वहीत एक तारीख, एक आकडा.

मग विभागप्रमुखांना हृदयविकाराचा झटका आला.
"तीन महिने सांभाळा फक्त."
तीन महिन्यांची चार वर्षं झाली.
सूक्ष्मदर्शक जुन्या खोलीतच राहिला,
नव्या टेबलावर आधीच दोन फोन होते.
मला मात्र बरोबर नेलं. "माझं अक्षर फक्त यालाच लागतं."

अधिष्ठाता झाल्या तेव्हा
दोन विभागांत एका फ्रीजवरून हाडवैर.
बाईंनी दोघांचं ऐकलं, आणि फ्रीज
स्वतःच्या खोलीत आणून ठेवला.
तो रात्रंदिवस घरघरायचा. त्याच्या आवाजात
त्यांनी अंदाजपत्रकं वाचली,
अर्धवट संशोधकांची समजूत काढली,
एकदा दार लावून रडल्याही.
मी बाहेर उगीच मोठ्यानं टाइप करत बसलो.

प्र-कुलगुरू असताना पोरांनी इमारत ताब्यात घेतली,
फाटकाशी खुर्च्यांचा डोंगर रचला.
बाई त्यातलीच एक खुर्ची ओढून
फाटकाबाहेर बसल्या. सहा रात्री.
आतून पोरं चहा देऊ लागली, सातव्या सकाळी
डोंगर पोरांनीच उतरवला.

कुलगुरूपदाची निवडणूक नऊ मतांनी जिंकल्या.
गळ्यात पदक, भिंतीवर फोटो.
कुणीतरी म्हणालं, "पोहोचलात, बाई!"
त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुठे रे?"

दर बढतीला खिडकी मोठी होत गेली
आणि समुद्र लांब.

डायरी माझ्याकडे असायची.
दर मार्चमध्ये एका रविवारी मी लिहायचो: दगड.
आणि दर मार्चमध्ये त्यावर रेघ:
सान्तियागोचं विमान. मूल्यांकन समिती.
छप्पर उडालं. मंत्री येणार.
मग मीच जाऊ लागलो,
मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन.
गुडघे टेकून, टोपी दातात धरून मोजायचं,
वहीत लिहायचं, वही माझ्या खणात.
अकरा वर्षं. सांगितलं नाही.
त्यांना वाईट वाटलं असतं,
आणि त्या मार्चला ते परवडणारं नव्हतं. कुठल्याच मार्चला.

दुसऱ्या निवडणुकीत हरल्या.
सामान दोन खोक्यांत मावलं.
फोटो भिंतीवरच राहिला, त्यांनी वळूनही पाहिलं नाही.
मी वही पुढे केली.
उभ्या-उभ्याच पानं उलटली,
एकेका आकड्यावर बोट.
"चल," म्हणाल्या.

काठावर वारा नेहमीसारखाच माजलेला.
मी माझा दगड दाखवला.
बाई खाली बसल्या, चष्मा कपाळावर सारला,
बराच वेळ बोलल्याच नाहीत.
"रेमिहिओ, हा नव्हे.
माझा तो. तिकडचा. तिसरा."

अकरा वर्षं मी भलताच दगड मोजला होता.

तोंड लपवायला वाऱ्यात जागा नसते.
पण बाई हसत होत्या, पोट धरून,
अकरा वर्षांत मी ऐकलं नव्हतं तसं.
डोळे पुसून उठल्या, आपल्या दगडाशी गेल्या,
हात मागे पसरला: पट्टी.
मग वही उघडून मधली कोरी पानं
तशीच कोरी सोडली,
नव्या पानावर मधोमध एक उभी रेघ ओढली.
एका बाजूला लिहिलं 'माझा'.
दुसऱ्या बाजूला माझं नाव,
त्या अक्षरात, जे फक्त मलाच लागतं.